बहिरा मका

गेट मी उघडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाटायला नको की म्हातारा आडवळणाने दोष दुसऱ्याच्या अंगावर ढकलतोय. चार नंबरच्या सायलोचं खालचं गेट त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी माझ्या हाताने उघडलं, आणि तेव्हा माझी थोरली मुलगी आत मक्यावर उभी होती.

सायलो म्हणजे काँक्रीटचं मोठं गोल पिंप. आमचा चार नंबर तीस हात रुंद आणि त्यात त्या दिवशी तीन पुरुष खोल मका. माल वरून पट्ट्याने पडतो आणि खालच्या गेटमधून ट्रकमध्ये जातो. गेट मधोमध नाही. रस्त्याच्या बाजूला, एका कडेला आहे, कारण ट्रक तिथेच उभे राहू शकतात. दुसऱ्या बाजूला वर्कशॉपची भिंत आहे.

मक्याला ओल लागली की वर पापडी धरते. मग कुणीतरी छतावरच्या झाकणातून आत उतरायचं, पापडी फोडायची आणि परखीने नमुना काढायचा. परखी म्हणजे पोकळ लोखंडी नळी, माणसाहून लांब, टोकाला अणकुची. थोरलीचं कामच ते. परखी हातात धरून चालायला लागली की तिचा मामा म्हणायचा, "निघाली बघा लढाईवर."

माणूस आत असताना गेट उघडलं तर काय होतं ते आमच्या इथे सगळ्यांना ठाऊक होतं. मका पायाखालून निघून जातो. गुडघ्यापर्यंत गेलात की स्वतः निघता येत नाही, कमरेपर्यंत गेलात की दुसऱ्याला काढता येत नाही. वर पंखे इतके घोंघावतात की हाक ऐकू जात नाही. टेलिफोन बसवला होता, तो धुळीने महिन्यातले वीस दिवस मुका. म्हणून फार वर्षांपूर्वी मीच एक पद्धत पाडली. गेटशेजारी भिंतीतून एक जाड गज आरपार घातला. त्याचं एक टोक माझ्याकडे, दुसरं दोन हात आत मक्यात. गेट उघडण्याआधी मी गजावर हातोड्याने तीन ठोके द्यायचे. आत कुणी असेल तर त्याने परखी मक्यात खुपसलेली असते आणि हात तिच्यावर असतो. ठोका मक्यातून चालत वर जातो आणि परखीतून तळहाताला लागतो. त्याने उलटे तीन ठोके दिले की मी थांबायचं. शंभर मोजेपर्यंत काही आलं नाही तर आत कोणी नाही. उघडायचं.

या ठोक्यांमुळे मला सगळे ठोकेबुवा म्हणायचे. बावीस वर्षं या पद्धतीने कुणाच्या नखाला धक्का लागला नव्हता. फोरमनने मध्ये एकदा बिल्ल्यांची पाटी लावली, आत जाताना बिल्ला अडकवायचा म्हणून. हमालांनी तिच्या खिळ्यांवर टोप्या टांगल्या. मीही टांगली.

त्या दिवशी आठ वाजल्यापासून चार नंबरमधून दोन ट्रक भरून गेले. दुसऱ्या ट्रकला मका गाठी गाठी यायला लागला, तेव्हा फोरमनने थोरलीला वर पाठवलं. मला कुणी सांगितलं नाही, आणि सांगायची रीतही नव्हती. ठोका होता ना. तिसरा ट्रक मागे घेऊन लागला. मी तीन ठोके दिले आणि तळहात गजावर ठेवला. शंभर मोजले. का कोण जाणे, एकशेवीस मोजले. गज थंड आणि गप्प होता. मी चाक फिरवलं.

ट्रकच्या हौद्यात मक्याची धार पडायला लागली. नेहमीसारखीच. पिवळी, धुळीची. मी तिच्याकडे बघत उभा होतो, हे मला अजून आठवतं.

मग भोंगा झाला. वर छताच्या कठड्यावरून माझा मेव्हणा अर्धा बाहेर लोंबकळून ओरडत होता. तो पट्टा सांभाळतो.

"दाजी! बंद करा! पोरगी आत आहे! दाजी!"

चाकाला अकरा फेरे आहेत. ते मी कसे फिरवले ते मला सांगता येणार नाही. धार बारीक झाली, तुटली, शेवटचे चार दाणे पत्र्यावर वाजले. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरून माझ्याकडे बघत होता. मला त्याला म्हणायचं होतं की मी ठोकलं होतं, मी शंभर मोजले होते.

मेव्हणा शिडीवरून घसरतच खाली आला. "मधोमध होती. परखीला धरून उभी. एकदम बसल्यासारखी झाली. मी म्हटलं पाय मुरगळला. मग छातीपर्यंत. मग हात. दाजी, चार श्वासांत गेली. बाजूचा सगळा मका वर सरकला, आता कुठे आहे तेही कळत नाही."

"तोंडावर काही होतं?"

"मास्क होता."

मक्याचा दाणा मोठा असतो. दाण्यादाण्यांत हवा खेळते. तोंडात दाणे गेले नाहीत तर माणूस काही वेळ श्वास घेऊ शकतो, छाती फुलायला जागा मिळाली तर. हे सगळं मला माहीत होतं आणि त्या वेळी ते माहीत नसतं तर बरं झालं असतं.

मी गजावर ठोकलं. उत्तर नाही. भिंतीला कान लावत सायलोच्या भोवती धावलो. रस्त्याच्या बाजूला काही नाही. मागच्या बाजूला काही नाही. वर्कशॉपच्या बाजूला, माझ्या डोक्याच्या वर हातभर, स्पष्ट आलं. टक, टक, टक. थांबून परत टक, टक, टक.

"इथे आहे!" मी ओरडलो. "जिवंत आहे! इथे, भिंतीला लागून!"

ठोकेबुवा म्हणतो म्हटल्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. बंबवाल्यांना फोन गेला, त्यांना यायला पाऊण तास. हमालांचा मुकादम आठ माणसं घेऊन वर चढला. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा आहे. मक्यावर फळ्या टाकल्या आणि वर्कशॉपच्या भिंतीला लागून फावडी, घमेली चालू झाली. मी खाली भिंतीला कान लावून उभा. ठोके येत होते. दर ठोक्याला मी ओरडून वर सांगत होतो, आहे, आहे, आहे.

दहा-बारा मिनिटांनी ठोके बारीक झाले. मग तीनाचे दोन झाले. मग आलेच नाहीत.

वर खांद्याइतका खड्डा झाला होता. तिथे मका होता. फक्त मका.

फोरमन माझ्याजवळ आला. माणूस वाईट नाही. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो सरळ गेटकडे गेला आणि त्याने चाकाला हात घातला. मी धावत जाऊन चाकाला मिठी मारली.

"बुवा, हात काढा."

"नाही काढत."

"ठोका बंद होऊन पाच मिनिटं झाली. मला सांगायला जड जातंय. आता खालून रिकामं केलं तर तासाभरात..." त्याने पुढचा शब्द गिळला. "तुमच्या हातात तरी येईल."

"गेट उघडलंत तर मका तिला ओढत नेईल. हाडं राहायची नाहीत."

"अहो, ती आता आहे कुठे? ठोका नाही तर..."

"मघाशीही ठोका नव्हता!" मी ओरडलो. "ठोका नव्हता म्हणूनच मी गेट उघडलं! तेव्हा ती मेली होती का? मेली होती का तेव्हा? परखीला हात लावून उभी होती ती!"

हे माझ्या तोंडातून गेलं आणि मलाच ते ऐकू आलं. फोरमन काहीतरी बोलत होता, ते माझ्या कानात शिरेना.

मक्याचा एक गुण मला बावीस वर्षं माहीत होता. नवा भरलेला मका बहिरा असतो. पट्ट्यावरून पडलेला माल दोन दिवस ठोका घेत नाही. मग तो बसतो, दबतो, आणि ठोका घेऊ लागतो. कारण ढिगातले सगळे दाणे सारखं ओझं उचलत नाहीत. थोडे दाणे एकमेकांना रेटून, ओळी धरून उभे राहतात आणि वरचा भार तेच पेलतात. बाकीचे त्यांच्या मधल्या जागेत आळशासारखे नुसते पडून असतात. ठोका चालतो तो त्या रेटून उभ्या दाण्यांवरून. घट्ट असतील तर ठोका पळतो. सैल असतील तर तिथेच मरतो. म्हणून नव्या मालावर आम्ही दोन दिवस कुणाला उतरू देत नसू. भरताना मका बहिरा होतो हे मला ठाऊक होतं. उपसतानाही तो बहिरा होतो, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आजवर असं झालंच नव्हतं की एका बाजूने दोन ट्रक गेलेत आणि लगेच माणूस आत उतरलाय.

सकाळपासून रस्त्याच्या बाजूचा मका आम्ही काढून घेतला होता. ती बाजू सैल, बहिरी. माझा गज त्याच बाजूला. वर्कशॉपची बाजू न हललेली, घट्ट. थोरली कुठेही असली तरी तिचा ठोका घट्ट बाजूनेच बाहेर येणार. मी ठोका कुठून बाहेर पडतो ते ऐकलं होतं. ती कुठे आहे ते ऐकलं नव्हतं. आणि मग त्याच बाजूला आठ माणसं लावून मी तो मका खणायला लावला, वरचा भार काढायला लावला. तिचा आवाज यायचा एकच रस्ता होता, तो मी फावड्याने उकरून टाकला.

मी चाकाला लोंबकळलो होतो तसाच खाली बसलो.

"मका दाबा," मी म्हटलं.

"काय?"

"वर माणसं उभी करा. मका दाबला की तो परत बोलेल."

फोरमनने माझ्याकडे बघितलं. "तिच्या अंगावर माणसं उभी करायची?"

"हो."

गेटवर ड्रायव्हरला बसवून मी वर गेलो. वयाच्या सत्तराव्या वर्षी ती शिडी कशी चढलो, देव जाणे. आत उन्हाची एक तिरीप झाकणातून पडली होती आणि तिच्यात धूळ उभी होती. मी दुसरी परखी घेतली, मक्यात खांद्याइतकी खुपसली आणि हात तिच्यावर ठेवला.

"फळ्या चौकटीसारख्या टाका. आठ जण उभे राहा. हलायचं नाही, बोलायचं नाही. मी म्हणेन तेव्हा उतरा."

"पैलवानाला धरून आठ की सोडून आठ?" एका हमालाने विचारलं. भीतीने माणूस काहीही बोलतो. कुणी हसलं नाही, पैलवानही नाही. तो गुपचूप फळीवर जाऊन उभा राहिला.

पहिल्यांदा खड्ड्याच्या शेजारी दाबलं. काही नाही.

दुसऱ्यांदा मधोमध. मी डोळे मिटले. तळहातात मुंगी चालल्यासारखं झालं. टक, टक, टक. लांबून, घोंगडीतून आल्यासारखं.

"आहे," मी म्हटलं. मेव्हणा तोंडात मूठ घालून रडायला लागला.

"उतरा! सरका! रस्त्याच्या बाजूला चार हात!"

तिसऱ्यांदा दाबलं. टक. थोड्या वेळाने आणखी एक, टक. या वेळी जवळ. मुंगी नाही, बोटाने दाबल्यासारखं. पण दोनच. आणि दुसरा पहिल्याहून बारीक.

माणसं उतरली. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सगळ्यांना कळलं होतं. आम्ही दाबलं की ती बोलते. आम्ही दाबलं की तिची छाती बसते. जितकं जास्त वजन, तितका ठोका साफ आणि तितका तिचा श्वास कमी.

"दाजी, बस झालं," मेव्हणा म्हणाला. "इथेच खणू."

"इथे म्हणजे कुठे? सहा हातांचा अंदाज आहे. सैल मका आहे, एक घमेलं काढलं की दोन घमेली आत येतो. चुकीच्या जागी कापलेलं पत्र्याचं पिंप रोवलं तर ते परत निघायचं नाही."

"पोरगी चिरडेल ओ."

"अजून एकदा."

"दाजी, माझ्या बहिणीला मी काय सांगू?"

"मी सांगेन तिला. फळ्या उचल."

त्याने उचलल्या. आणखी दोन हात रस्त्याच्या बाजूला टाकल्या. आठ जण चढले. मी परखी फळीच्या कडेला खुपसली आणि थांबलो. दहा मोजले. वीस मोजले. काही नाही. मका इथे फारच सैल होता, आठ माणसांना दाद देत नव्हता. तीस मोजले. मी परखी न सोडता फळीवर चढलो.

मी नववा. त्या दिवसांत माझं वजनही बरंच होतं.

खालून एकच आला. टक नव्हे. कडक, सुका, तुटका. परखी माझ्या हातात उडाली.

"उतरा! इथेच! इथेच आहे!"

दोन्ही तोंडं कापलेलं पिंप तिथे रोवलं. त्याच्या आतला मका उपसायचा आणि पिंप खाली दाबत न्यायचं, म्हणजे बाजूचा मका आत येत नाही. ओंजळीने उपसला, घमेल्याने उपसला, पैलवानाने टोपीने उपसला. हातभर खाली तिचा पंजा लागला. वर केलेला, उघडा. परखी त्याच्यापासून वीतभर लांब होती. पंजा कोमट होता. मी त्याला हात लावला तर बोटं हलली नाहीत. मनगट, कोपर, मग केस. मास्क जागेवर होता. चेहरा निळा पडला होता. मेव्हण्याने मास्क ओढला आणि तिच्या गालावर चापट मारली. काही नाही. दुसरी मारली.

तिने श्वास घेतला. जुना दरवाजा उघडावा तसा आवाज झाला.

बंबवाले आले तेव्हा ती कमरेपर्यंत बाहेर होती. पुढचं काम त्यांनी केलं. तिला झाकणातून बाहेर काढताना ती ओरडली आणि सगळे खूश झाले, ओरडतेय म्हणून.

डॉक्टरबाईंनी संध्याकाळी सांगितलं, डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडल्यात, फुप्फुस वाचलं, पोरगी नशिबाची आहे. तिची आई आत गेली आणि बराच वेळ बसली. बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली. तिला सगळं मेव्हण्याने सांगितलं होतं. मी सांगेन म्हटलं होतं, पण माझ्याने झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "जा आत. विचारतेय तुम्हाला."

थोरली उशीला टेकून बसली होती. श्वास उथळ. बोलताना दर तीन शब्दांना थांबत होती.

"बाबा, तुम्ही ठोकलं होतं का? सकाळी?"

"ठोकलं होतं. तीन. एकशेवीस मोजले."

"हात होता माझा परखीवर."

"माहीत आहे."

"काहीच आलं नाही."

"नाही येणार. मका बहिरा झाला होता. मला कळायला हवं होतं."

ती छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वर उभे होता ना सगळे? मला कळत होतं. पहिल्यांदा वाटलं, छत पडलं. मग कळलं, माणसं आहेत. कोण बाबांशिवाय असलं करणार. म्हणून ठोकलं."

"दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा दोन आले."

"तिसऱ्यांदा हात सुटला परखीवरून. मग सापडलीच नाही. बोटं हलेनात."

"पण चौथ्यांदा आला ना ठोका," मी म्हटलं. "त्यावरच तर सापडलीस. एकच, पण असा कडक आला की परखी उडाली माझी."

तिने मान वळवली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"चौथ्यांदा मी ठोकलं नाही, बाबा."

तिचा हात पांघरुणाखाली डाव्या बरगड्यांवर होता. तिथे पट्टा बांधलेला होता. मला तो उघडा पंजा दिसला, परखीपासून वीतभर लांब. आणि माझ्या तळहातात तो आवाज परत आला, कडक, सुका, तुटका. आवाज कशाचा होता ते मला तेव्हा कळलं.

"किती जण होता?" तिने विचारलं.

"नऊ."

"मामा म्हणाला आठ."

"नववा मी चढलो."

बाहेर कुणीतरी औषधांची गाडी ढकलत नेली. मग तिच्या ओठांचं एक टोक वर गेलं.

"आई उगाच नाही म्हणत," ती म्हणाली, "दोन घास कमी खा म्हणून."

आणि ती हसायला गेली. अर्ध्यातच श्वास अडकला, तिने डोळे घट्ट मिटले, ओठ दाबले, पांघरूण मुठीत धरलं. मी ताडकन उठून उभा राहिलो. पाणी द्यावं की डॉक्टरबाईंना बोलवावं, पुढे व्हावं की मागे, काही सुचेना. खोली लहान होती, फरशी धुतलेली, स्वच्छ, आणि माझे पाय कुठे ठेवावेत ते मला कळत नव्हतं.